माझ्या तेराव्याचं आमंत्रण

१

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सात वाजून बत्तीस मिनिटांनी मी वारले. मला हे आठ वाजता कळलं, कारण मधल्या वेळात मी पूजेला बसले होते.

फोन सुनेनं आणून दिला. मृणालचा चेहरा पांढराफटक. "आई, ग्रुपवर बघा ना, ये क्या डाल दिया किसी ने!"

मी चौथी शिकलेली बाई. अक्षराला अक्षर लावून वाचते, पण एकदा वाचलेलं सोडत नाही. 'स्नेहबंध मराठी परिवार, शाहपुरा' या आमच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'आपल्या सिंधूताई पांढरीपांडे यांचं आज पहाटे निधन झालं. सर्वांना कळावं.' एवढंच.

खाली रांग लागली होती. एकशे त्रेचाळीस माणसांच्या ग्रुपात त्र्याऐंशी जणांनी हात जोडले होते. 'मन सुन्न झालं.' 'अन्नपूर्णा हरपली.' 'कोण सिंधूताई? त्या जाड्या का?' मधेच कुणीतरी गुलाबाचं फूल आणि चहाचा कप टाकून शुभ सकाळ म्हटलं होतं. टी. टी. नगरच्या अमितला वाटलं वाढदिवस आहे. त्यानं 'शंभर वर्षं जगा' लिहिलं आणि त्याखाली सात जणांनी केक ठेवले. मंजूषानं विचारलं होतं, 'त्यांचं मोठं पुरणयंत्र आता कोणाकडे राहणार?' मेल्याला अजून तासही झाला नव्हता.

आणि ओळीत अकरावे होते आमचे हे. माझ्यासमोर खुर्चीत बसून, पोह्यांची वाट बघत, विनायकरावांनी स्वतःच्या बायकोच्या मरणावर हात जोडले होते.

"अहो, मी मेले हे तुम्हाला कळलं का?"

"अं? कधी?"

"हात जोडलेत ना!"

"मी सगळ्यालाच जोडतो," हे म्हणाले. "वाचत कोण बसतं? पोहे झाले का?"

मला टाइप करता येत नाही. मी बटण दाबून बोलले, "मी सिंधू. मी मेलेली नाही. ज्यानं हे केलंय त्याला मी सोडणार नाही." त्या बोलण्याखाली लगेच तिघांनी 'ॐ शांती' लिहिलं. ऐकलं कुणीच नाही. ग्रुपचे अ‍ॅडमिन विश्वास दातार, कारखान्यातून रिटायर झालेले पुण्याचे इंजिनियर, त्यांनी लिहिलं, 'दुःखाच्या प्रसंगी कृपया ऑडिओ टाकू नयेत. नियम पाच.'

आणि आठ बाराला त्यांनीच मतदान काढलं. 'सिंधूवहिनींच्या जाण्यानं गणपतीच्या महाप्रसादाची जबाबदारी रिकामी झाली आहे. उत्सव जवळ आल्यानं तातडीनं मत द्यावं.' खाली नाव एकच. वसुधा दातार. त्यांची बायको.

पावणेनऊपर्यंत एकसष्ट मतं पडली. एकतीस वर्षं मी ते स्वयंपाकघर चालवलं. सातशे माणसांचं पुरण, कढी, भात. भोपाळात मराठी माणूस मला ओळखतो तो त्या चुलीवरून. नवऱ्याची ओळख सरकारी क्वार्टरबरोबर गेली, मुलाची त्याच्या नोकरीबरोबर पुण्याला गेली, माझी चूल तेवढी राहिली होती. ती तेहतीस मिनिटांत गेली.

मी जिवंत आहे हे मृणालनं लिहून कळवलं, तेव्हा दातारांचं उत्तर आलं, 'आनंद झाला. मात्र झालेलं मतदान रद्द होत नाही. नियम बारा.'

पोहे मी केलेच नाहीत.

२

बातमी ज्या फोनवरून आली तो आमच्या गणपती मंडळाचा होता. शाहपुरा तलावाच्या अलीकडे बागेमागे मंडळाची खोली आहे. तिथं टेबलावर तो पडलेला असतो, वर्गणीदारांची नावं घ्यायला. कुणीही उचलावा. पण खोलीत कोण आलं, किती वाजता आलं, हे दातार वहीत लिहून घेतात. नियम दोन.

सोमवारी सात ते पावणेआठमध्ये वहीत चार नावं होती. स्वतः दातार, कुलूप उघडायला. वसुधा, आरतीच्या फुलांना. कौस्तुभ वैरागडे, उत्सवाचा फलक ठेवायला. आणि शारदा, तांदळाची पोती मोजायला.

चारही नावं माझ्यावर दात ठेवून असलेली. दातारांना मी मागल्या सभेत 'नियमांचं दुकान' म्हटलं होतं. वसुधानं माझ्या कटाच्या आमटीला 'तुमच्या विदर्भाची आग' म्हटलं, त्याला दोन वर्षं झाली, मी तिच्याशी कामापुरतंच बोलते. कौस्तुभला मी ग्रुपवर 'रिकामा' म्हटलं होतं, कारण तो घरूनच काम करतो म्हणे आणि दिवसभर सगळ्यांशी भांडतो.

आणि शारदा. भंडाऱ्याची, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, माझ्या हाताखाली स्वयंपाकघरात तितकीच वर्षं. आदल्याच दिवशी, रविवारी, आम्ही मंडळाच्या पायरीवर तांदूळ निवडत होतो. कडुलिंबावरचा कावळा झपकन आला आणि माझ्या डोक्यावर बसला. मी दचकले, सूप कलंडलं, तांदूळ मातीत. मी सगळा राग शारदावर काढला. ती अशी पांढरी पडली की बघवेना. "ताई, घरी जा, डोक्यावरून पाणी घ्या," एवढंच पुटपुटत राहिली. मी म्हटलं, "आणि हे तांदूळ कोण वेचणार? तुझा बाप?" तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून संध्याकाळी ग्रुपवरही बोलून टाकलं, 'शारदाला सूप धरता येत नाही, बाकी सगळं येतं.' ते मात्र सगळ्यांनी ऐकलं.

मी चप्पल घातली. मृणाल म्हणाली, "आई, जाने दो ना. हसून सोडून द्या."

"माझ्यावर हसायचं काम मी दुसऱ्याला देत नाही," मी म्हटलं. "गाडी काढ."

३

दातार मंडळाच्या खोलीतच होते. त्यांनी मला आत बोलावलं, बसवलं आणि पंख्याचा वेग विचारला. माणूस गुन्हेगार असो नसो, सभ्य आहे.

"वहिनी, तो संदेश मी लिहिला असता तर खाली तारीख, तिथी आणि माझं नाव असतं. बिनसहीचं मी काही पाठवत नाही."

"मग मी जिवंत असताना मतदान कसं काढलंत?"

"मला त्या वेळी माहीत नव्हतं."

"फोन करून विचारायचं."

"मरण पावलेल्या व्यक्तीला फोन करायचा?" ते खरोखर गोंधळले. असल्या माणसावर खोटारडेपणाचा आळ घ्यायला जीव धजत नाही.

कौस्तुभचं घर अरेरा कॉलोनीत. त्यानं सात पस्तीसला ग्रुपवर काहीतरी टाकून लगेच पुसलं होतं. पुसल्याची खूण तेवढी राहिली होती.

"काय पुसलंस रे?"

"काही नाही काकू."

"फोन दे इकडे."

"काकू, कसम से, ते चुकून गेलं! ऑफिसच्या ग्रुपसाठी होतं!" तो लालबुंद झाला. "टाळ्या वाजवणारं माकड होतं. तुमच्या बातमीखाली जाऊन बसलं. मी एका सेकंदात पुसलं."

"किती जणांनी पाहिलं?"

"चौदा." तो खाली बघत म्हणाला. "तिघांनी त्यालाही हात जोडले."

खरं सांगते, मला हसू आलं होतं. मी गिळलं. पण ज्याला मी मेल्याचा आनंद करायचा आहे तो माकड पुसत नाही, आणि घाबरून तर मुळीच पुसत नाही.

आता राहिल्या दोन बाया.

४

वसुधाच्या दारात मी दुपारी उभी राहिले. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. डोळे सुजलेले, नाक लाल. मला बघून ती एक पाऊल मागं गेली. भूत बघितल्यासारखी.

"अभिनंदन करायला आले," मी म्हटलं. "स्वयंपाकघर मिळालं ना."

"सिंधूताई, तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"मेलेली बाई असते तेवढी बरी आहे. डोळ्यांना काय झालं?"

"काही नाही हो. कांदा चिरत होते."

मी मान लांब केली. आत वाकून ओट्याकडे बघितलं. ओटा कोरडा, विळी भिंतीला लावलेली. आणि ही बाई चातुर्मासात कांदा-लसणाला हात लावत नाही. दर आषाढात ग्रुपवर हात जोडून तसं जाहीर करते आणि आम्ही तिला नमस्कार पाठवतो.

म्हणजे खोटं बोलली. माझ्या तोंडावर, माझ्या मरणाच्या दिवशी.

घरी येऊन मी तिचा ग्रुपवरचा निरोप काढला. आठ वाजता बोलून टाकलेला, अकरा सेकंदांचा. मी पूर्ण ऐकलाच नाही. सुरुवातीचा एक हुंदका ऐकला आणि बंद केला. नाटकी! मनात म्हटलं, बये, सापडलीस. तुझा निकाल मी असा लावीन की पुणेसुद्धा ऐकेल.

मृणालकडून ग्रुपवर लिहून घेतलं, 'मी वारले त्याला पुढल्या शनिवारी तेरा दिवस होतात. माझं तेरावं मी स्वतः वाढणार आहे. सर्वांनी जेवायला यावं. बातमी कोणी पाठवली तेही त्याच वेळी सांगेन. सिंधू पांढरीपांडे.'

एकशे दहा जणांनी अंगठा वर केला. अमितनं केक ठेवला.

५

मग मी नीट विचार केला. रागात विचार चांगला होतो, पोटात जाळ असला की डोकं थंड राहतं.

बातमी मी मृणालला पुन्हा वाचायला लावली. चार वेळा. मला त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते खुपायला लागलं.

अंत्ययात्रा किती वाजता, कुठून, भदभदा विश्रामघाट की सुभाष नगर, यातलं एक अक्षर नाही. आमच्या ग्रुपवर मरणाची बातमी याच्याशिवाय येत नाही. ज्याला माझा तमाशा करायचा होता त्यानं दहाची वेळ टाकली असती आणि शंभर माणसं पांढरे कपडे घालून माझ्या फाटकात उभी केली असती. यानं कुणाला बोलावलं नव्हतं. यानं नुसतं कळवलं होतं.

दुसरं, फोटो नाही. मंडळाच्या फोनमध्ये माझे पन्नास फोटो आहेत, झारा हातात घेतलेले. हार घालून एखादा टाकणं हे केवढं काम? पण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला कुणाचा तरी हात धजला नव्हता.

तिसरं मी शोधलं ते रांगेत. त्र्याऐंशी नावं. मृणालनं एकेक वाचलं. आमच्या ग्रुपवर एक बाई आहे, कुणाचा लांबचा मावसा गेला, कुणाची गाय गेली, तरी पहिली 'ॐ शांती' तिची. कधी चुकत नाही. त्या दिवशी तिचं नाव पहिल्यात नव्हतं. शेवटीही नव्हतं. कुठेच नव्हतं.

"मृणाल," मी म्हटलं, "माणूस जिवंत आहे हे ज्याला पक्कं ठाऊक, तो शांती कशी लिहील?"

"मग वसुधाकाकू नाहीत?"

मी फोन पालथा ठेवला. मला एकाएकी माझी आर्वीची आत्या आठवली होती, आणि वडिलांना आलेली तार.

६

शारदाला बोलवावं लागलं नाही. आमंत्रण वाचून तीच दुसऱ्या दिवशी धावत आली. चप्पल उलटसुलट, श्वास वर.

"ताई, ते तेरावं करू नका. पाया पडते. सगळं उलटं होईल."

"काय उलटं होईल?"

तिनं वर आभाळाकडे बघितलं.

"बस," मी म्हटलं. "मी आठ वर्षांची असताना आर्वीहून तार आली, आत्या वारली. माझे वडील रडत रडत एस.टी.नं गेले. दारात आत्या उभी, हातात पाण्याचा तांब्या. तिच्या डोक्यावर कावळा बसला होता. डोक्याला कावळा शिवला की मरण जवळ आलं म्हणायचे. मग मरणाची खोटी खबर धाडायची, कुणीतरी खरं रडायचं, की ते मरण त्या रडण्यावर फिटतं. वडील तिला चार दिवस बोलले नाहीत. ती पुढं नव्वदीपर्यंत जगली. आता तू बोल."

शारदा पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, "रविवारी तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही डोक्यावरून. उलट तांदूळ वेचायला लागल्या. तुम्ही ऐकता का कोणाचं? रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही तेही ग्रुपवर बोलून टाकलं असतं. सूप धरता येत नाही, कावळे मात्र मोजता येतात, असं काहीतरी."

हे अगदी असंच बोलले असते मी. जिभेवर यायच्या आधी तिनं उचललं.

"मग स्वतःच्या फोनवरून का नाही पाठवलंस?"

"माझं कोण वाचतं, ताई? मंडळाचं वाचतात."

"आणि माझं स्वयंपाकघर गेलं, त्याचं काय?" माझा आवाज चढला. "तेहतीस मिनिटांत! एकतीस वर्षांचं!"

"तुम्ही राहिलात ना," ती म्हणाली.

हिच्यासाठी मी कालपासून दात धरून ठेवले होते. आता ते कुठे मारायचे?

"बरं, खबर धाडलीस. रडलं कोण? रडल्याशिवाय फिटत नाही."

तिनं डोळे पुसले. "तेच बघत फिरले दिवसभर. तेरा घरी गेले, काही ना काही निमित्त काढून. ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडलेले, घरात टीव्ही चालू. एकाच्या डोळ्यात टिपूस नाही. मला वाटलं, ताईंचं काही खरं नाही. मग एका घरी दाराबाहेरूनच ऐकू आलं."

"कोणाच्या?"

"ते नाही सांगणार. तुम्हाला सोसणार नाही."

७

शनिवारी अंगठे एकशे दहा, माणसं सेहेचाळीस. मी गोळाभात केला, कढी, घारगे. कावळ्याचं पान मांडलं नाही, तेवढं शारदाचं ऐकलं. ती वाढायला होती.

सगळे बसले. मृणालला मी मधोमध उभं केलं. "वाच."

"वहिनी, खासगी मजकूर असा जाहीर..." दातार सुरू झाले.

"एकशे त्रेचाळीस जणांसमोर लिहिलेलं खासगी? माझ्या घरात नियम एकच, विश्वासराव. जेवताना ऐकायचं."

मृणालनं वाचलं. ज्यानं लिहिलं त्याचं नाव घेऊन, त्याच्याकडे बघून. 'त्या जाड्या का?' लिहिणाऱ्याचा घास हातात राहिला. 'पुरणयंत्र कोणाकडे राहणार?' वर मंजूषानं कढी उगाच तीनदा भुरकली. मी तिला विचारलं, "घेऊन जातेस का आज?" पुसलेल्या माकडाचं मी तोंडी सांगितलं, तेव्हा कौस्तुभ टेबलाखाली काहीतरी शोधत होता. अमितच्या केकला मी आभार मानले. ह्यांच्या हात जोडण्याला सगळे हसले, हेही हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. प्रत्येकाच्या पानात मी दुसरा घारगा स्वतः वाढला. अपमान उपाशीपोटी करू नये, पचत नाही.

"पण काकू, पाठवलं कोणी?" कौस्तुभनं विचारलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. शारदाच्या डावातून कढी सांडली.

"मी पाठवलं," मी म्हटलं.

एकदम गलका. दातार म्हणाले, "शक्य नाही! वहीत तुमची सही नाही."

"मरायला सही करून जातात का? मला बघायचं होतं कोण किती रडतं. बघितलं. आता ऐका. मतदान झालं ते मेलेल्या बाईच्या जागेसाठी. बाई जिवंत आहे. जागा रिकामी झालीच नव्हती, मग मतं कशाला पडली? काढा नियम."

दातारांनी ओठ हलवत नियम मोजले. बारापर्यंत गेले, परत एकवर आले. "तेरावा नाही," ते हळूच म्हणाले.

"स्वयंपाकघर माझं," मी म्हटलं.

शेवटचं मी राखून ठेवलं होतं. तो अकरा सेकंदांचा निरोप. बातमी तिनं पाठवली नव्हती, पण कांद्याचं खोटं माझ्या छातीत रुतून होतं. ती नाटकी रड सगळ्यांना ऐकवायची आणि वसुधाला ताटावरून उठताना बघायचं.

"मृणाल, वसुधाकाकूंचं लाव. मोठ्यानं."

"सिंधूताई, नको," वसुधा अर्धी उठली.

लागलं. पहिला हुंदका, तोच तो. मग कुकरची शिट्टी. मग आवाज आला, फोन ओठांशी धरून विसरल्यासारखा, कुणालाही उद्देशून नसलेला. "अहो... आता मी भांडू कोणाशी हो?" आणि मग नुसतं रडणं. बाई एकटी असताना रडते तसं, बेढब, नाक ओढत. अकरा सेकंद संपले.

कुणी हसलं नाही. मी शारदाकडे बघितलं. ती मान खाली घालून कढी ढवळत होती, वाढायची सोडून.

विळी कोरडी होती. कांदा नव्हताच घरात.

म्हणजे त्र्याऐंशी हात, सात केक आणि एक माकड एवढ्यांतून माझं मरण फिटलं ते हिच्या रडण्यावर. माझ्या आमटीला आग म्हणणारीच्या. आता मी जितकी वर्षं जगेन तितकी हिची देणेकरीण. याच्यापेक्षा कावळा परवडला असता.

वसुधा उभीच होती, पदर चुरगाळत. "मला नकोच होतं ते स्वयंपाकघर," ती म्हणाली. "यांनी परस्पर मतदान काढलं."

"खाली बस," मी म्हटलं. "अर्ध्या ताटावरून उठायचं नाही."

ती बसली. मी तिच्या पानात तिसरा घारगा वाढला, वर तुपाची धार धरली आणि बराच वेळ थांबवली नाही.

"यंदा पुरण तू वाटायचं," मी म्हटलं. "सातशे माणसांचं. माझ्या समोर बसून. आणि आमटी मी करणार, तुझ्या डोळ्यांत पाणी येईल इतकी तिखट. तेव्हा कांद्याचं नाव घेतलंस तर बघ."